मध्यवर्ती मुक्काम

कुणाला गाण्याचं अंग असतं, कुणाला स्वयंपाकाचं. मला प्रवास आखण्याचं अंग आहे! ही बढाई नाही. पार्सल कंपनीत माझं कामच ते. कुठलं पार्सल कुठून निघेल, कुठे गाडी बदलेल आणि कुठे उतरेल, हे मी ठरवतो. हापिसात मला 'होकायंत्र' म्हणतात. आजवर माझ्या एकाही पार्सलाने वाट चुकल्याची तक्रार केलेली नाही.

बायको म्हणते, पार्सलाला तोंड नसतं म्हणून.

तर झालं असं. त्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. सगळे म्हणजे सासूबाई, मेव्हणी आणि मेव्हणीचे यजमान, म्हणजे आमचे साडू. जेवण संपत आलं होतं. सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला ह्यांचा पूल बघायचाय."

सगळ्यांचे हात थांबले. सासरे बांधकामावर मुकादम होते. लग्नाआधी त्यांनी कुठल्याशा लांबच्या मुलखात एका नदीवर पूल बांधला होता. तो पूल आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. त्याचे खांब कसे घातले, पुराच्या पाण्याने कसा दम काढला, शेवटचा दगड कुणी बसवला, सगळं! "एकदा तुला दाखवतो," असं ते सासूबाईंना आयुष्यभर सांगत राहिले. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं आणि गेल्या वर्षी सासरेच गेले. तेव्हापासून सासूबाईंनी कुणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. आधी आमच्याकडे आणि मग मेव्हणीकडे अशा आलटून पालटून राहायच्या, आणि कुठेही गेलं की कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायच्या.

"त्यात काय एवढं!" साडू म्हणाले. "माझी गाडी आहे ना! सगळ्यांना घालतो आणि नेऊन आणतो."

आता साडूंच्या गाडीबद्दल सांगायला हवं. त्या गाडीत चढणं सोपं आहे, उतरणं कठीण. म्हणजे दार उघडतं, प्रश्न तो नाही. पण एकदा त्यांनी तुम्हाला कुठे सोडलं की पुढची दहा वर्षं "तेव्हा मी होतो म्हणून" हे ऐकावं लागतं!

"गाडी कशाला हवी?" मी म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला.

"मग काय, चालत नेणार आईंना?"

"रेल्वे आहे, बस आहे! साडूभाऊ, मुद्दा गाडीचा नसतोच. मुद्दा मुक्कामाचा असतो. मुक्कामाचं गाव अचूक निवडलं की निम्मा प्रवास तिथेच झाला!"

"आणि उरलेला निम्मा?"

"तो बस करते!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, जमेल ना? मला बाकी काही नको. नुसता पूल बघायचाय."

"आई, पूल तर बघालच. वर तळं, टेकडी, सगळं बघाल!"

साडू हसले. त्यांचं ते हसणं मला इतकं लागलं, की ताट उचलायच्या आधीच मी टेबलावर नकाशा पसरला.

नकाशा बघितल्याबरोबर माझ्या तज्ज्ञ डोळ्याला दिसलं. बरोबर मधोमध एक जंक्शनचं गाव होतं. रेल्वे तिथे थांबत होती आणि सगळे रस्ते तिथून फुटत होते. एक तळ्याच्या गावाला, एक पुलाच्या गावाला, एक टेकडीवरच्या गावाला. जसा काही कोळी जाळ्याच्या मधोमध बसलाय!

"हा आपला मुक्काम," मी बोट ठेवलं. "सामान एकदाच टाकायचं आणि रोज सकाळी एकेका दिशेला निघायचं. संध्याकाळी परत!"

बायको नकाशावर वाकली. "अहो, पण तळ्याच्याच गावी राहिलो तर? पूल तिथून बोटभरसुद्धा लांब नाही."

"अगं, पण मध्ये रस्ता आहे का? नाही! रस्ता नसेल तर जवळ असून काय उपयोग? मध्यवर्ती म्हणून काही असतं की नाही?"

खात्री म्हणून मी जंक्शनच्या बस स्टँडवर फोनसुद्धा केला. मी आंधळेपणाने काही करत नाही.

"तळ्याच्या गावाला बस आहे?"

"आहे."

"पुलाच्या गावाला?"

"आहे."

"रोज?"

"रोज."

"जाते-येते ना?"

"न येऊन कुठे जाईल?" पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. याहून स्पष्ट माहिती ती कोणती!

पुढच्या आठवड्यात बायको, सासूबाई आणि मी जंक्शनला उतरलो. लॉज बस स्टँडच्या समोरच. मालकिणीने आमच्या बॅगा बघितल्या आणि विचारलं, "गाडी चुकली का?"

"नाही. आम्ही इथेच राहणार आहोत."

"इथे?" तिने चष्मा पुसून पुन्हा घातला. "इथे लोक फक्त गाडी बदलायला उतरतात हो!"

"तेच तर!" मी म्हणालो. बाईंना पर्यटनातलं फारसं कळत नसावं.

खोलीच्या खिडकीतून अख्खा स्टँड दिसत होता. मी तिथे उभा राहिलो तेव्हा सेनापतीला टेकडीवरून फौज बघताना काय वाटत असेल ते मला कळलं.

सकाळी नाश्ता उरकून आम्ही स्टँडवर हजर झालो. बसमागून बस येत होती आणि प्रत्येक बस तुडुंब! दप्तरवाली पोरं, डबेवाले कारकून, पिशव्या घेतलेल्या बायका असे सगळे भसाभसा उतरत होते.

"बघा आई," मी म्हणालो, "सगळं जग उलट्या दिशेने आणि आपण सुलट्या! म्हणून आपल्याला बसायला जागा."

तळ्याची पाटी लावलेली बस रिकामी झाली. आम्ही ऐटीत चढलो. सासूबाईंना खिडकी, बायकोला खिडकी, मलाही खिडकी! थोड्या वेळाने ड्रायव्हर शीळ घालत आला. त्याने मागे वळून न बघता बस सुरू केली.

"वेळेवर निघाली!" मी मांडीवर थाप मारली.

बस फाटकातून बाहेर पडली, उजवीकडे वळली, पुन्हा उजवीकडे वळली आणि एका पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये शिरली.

"डिझेल भरत असतील," मी म्हणालो.

ड्रायव्हर उतरून गेला. आणि मग एका बाजूने धो धो पाणी आलं! मी खिडकी लावायला धावलो तर दुसऱ्या बाजूने लांब दांड्याचा ब्रश आत आला आणि माझ्या गालाला साबण लावून गेला! बायको ओरडत होती, मी ओरडत होतो, पण त्या पाण्याच्या आवाजात ऐकतंय कोण! सासूबाईंनी मात्र पिशवीतून छत्री काढली, शांतपणे उघडली आणि बसमध्ये छत्री धरून बसून राहिल्या.

नेमका तेव्हाच साडूंचा फोन!

"काय मग? कसं चाललंय?"

"एकदम आखल्याप्रमाणे!"

"हा आवाज कसला?"

"धबधबा!"

"बसमधून धबधबा दिसतो?"

"अहो, खिडकीलगत! अंगावर तुषार येतायत! बरं ठेवतो, फेस... म्हणजे फारच सुंदर आहे!"

शेवटी ब्रशवाल्याला काचेतून छत्री दिसली आणि तो किंचाळला. पाणी थांबलं. ड्रायव्हर धावत आला.

"तुम्ही आत काय करताय?"

"तळ्याला निघालोय," मी तोंडावरचा फेस पुसत म्हणालो.

"ही बस संध्याकाळी जाते!"

"मग आत्ता?"

"आत्ता तिची आंघोळ!"

ओल्या कपड्यांनी आम्ही स्टँडच्या बाकावर उन्हाला बसलो. बायको बराच वेळ त्या येणाऱ्या बसगाड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "अहो, माझ्या लक्षात आलं. इथल्या बस रात्री खेड्यात झोपतात. सकाळी तिकडच्या लोकांना शाळेला, हापिसाला, बाजाराला इथे आणतात आणि संध्याकाळी घरी नेऊन सोडतात. सगळा मुलूख सकाळी इथे येतो. आपण एकटे इथून जायला निघालोय!"

सासूबाईंनी पदर पिळला. "म्हणजे पूल नाही का बघायचा?"

त्यांनी हे इतक्या हळू विचारलं, की मला वाकून ऐकावं लागलं. पण तज्ज्ञ माणसाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं.

"आई, मुक्काम बरोबरच आहे. फक्त वेळ उलटी आहे! आज संध्याकाळी तळं बघू, रात्रीच्या बसने परत येऊ. उद्या संध्याकाळी पूल!"

लॉजवर जाऊन कपडे बदलले, दुपारभर डुलक्या काढल्या आणि संध्याकाळी त्याच स्वच्छ, चकचकीत बसमध्ये बसलो. "सामान राहू दे खोलीवरच," मी बजावलं. "रात्री परत यायचंच आहे. ओझं कशाला?"

तळं खरंच सुंदर होतं! सूर्य पाण्यात टेकला होता, पाखरं परतत होती, बायको हरखून गेली. मी विजयी मुद्रेने वळलो तर ड्रायव्हर बसचं दार लावून, कुलूप घालून, डबा हातात घेऊन निघालेला!

"अहो! परत कधी जाणार?"

"सकाळी."

"आणि रात्रीची बस?"

"रात्री ती झोपते, मीही झोपतो."

"मग आम्ही?"

"कोणाकडे आलायत तुम्ही?" त्याने विचारलं. कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या मंडळींनी माना वळवल्या. एवढ्या लोकांसमोर 'अडकलो' असं कोण म्हणेल? मी छाती पुढे काढली.

"कोणाकडेच नाही. आम्ही जागा बघायला आलोय!"

म्हणजे बघण्यासारख्या जागा. प्रेक्षणीय. पण मराठी भाषा कधी दगा देईल सांगता येत नाही. पायरीवरून एक मफलर गुंडाळलेले गृहस्थ ताडकन उठले.

"जागा? अहो, मग आधी सांगायचं नाही का! किती माणसं?"

"तिघं."

"तळं समोर हवं?"

"अर्थात! त्यासाठीच तर आलो."

"कायमचं बघताय, की हवापालटासाठी?"

मला वाटलं, रात्रीची सोय विचारतायत. "सध्या रात्रीपुरतं."

मफलरवाल्यांचे डोळे चमकले. ते दुकानदाराकडे वळून म्हणाले, "बघ! आधी राहून बघणार, मग ठरवणार. याला म्हणतात जाणकार माणूस!"

जाणकार! पहिल्या भेटीत कुणी आपल्याला ओळखलं की किती बरं वाटतं! मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्यांनी आम्हाला पाण्यालगतच्या एका बैठ्या घरात नेलं. निळं दार, पुढे ओटा, ओट्यावर लाकडी बाक. आत सगळं जागच्या जागी, नुसती धूळ झटकायची खोटी. शेजारणीने गरम जेवण आणलं, कुणी पांघरुणं आणली, कुणी कंदील. असा पाहुणचार मी जन्मात बघितला नव्हता!

"भिंत ठोकून बघा," मफलरवाले म्हणाले. मी ठोकली.

"नळ सोडून बघा." मी सोडला.

"छताकडे बघा. एक थेंब गळत नाही!"

"सकाळपासून बघितलेलं हे पहिलंच कोरडं छत," बायको पुटपुटली. मग मला बाजूला ओढून म्हणाली, "अहो, पाहुण्यांना कुणी पाण्याची टाकी दाखवतं का?"

"पद्धत असेल इथली!"

"आणि 'शेजार शांत आहे, कुत्रं चावत नाही,' हे?"

"आपुलकी गं! आपल्याला सवय राहिली नाही, म्हणून संशय येतो."

"आपलं सामान मात्र झकास सहल करतंय," ती म्हणाली. "मध्यवर्ती ठिकाणी आहे."

सासूबाई मात्र त्या शेजारणीशी ओट्यावर गप्पा मारत बसल्या होत्या. कोपऱ्यात नव्हे, बाकाच्या अगदी मधोमध.

सकाळी बसचा हॉर्न ऐकून मी सगळ्यांना घाई करायला लागलो, तर मफलरवाले दारात हजर. "अहो, पळताय कुठे? फिरण्याची वाट बघितल्याशिवाय कसं ठरवणार? पुलापर्यंत तरी चला!"

"कुठल्या पुलापर्यंत?"

"तो काय!" त्यांनी तळ्याच्या टोकाकडे हात केला. "गाडीरस्ता नाही, पण काठाकाठाने पायवाट आहे. मी रोज जातो."

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्न झालेल्या माणसांना मी जास्त सांगायला नको.

बस आमच्याशिवाय गेली. आम्ही काठाने चालत निघालो. सासूबाई सगळ्यांच्या पुढे! एक वळण गेलं आणि पूल समोर आला.

खरं सांगतो, माझा चेहरा पडला. सासऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मी भला थोरला पूल मनात धरला होता. हा तर एवढासा! दगडी, बुटका, तळ्यातून निघालेल्या नदीवर मांजरासारखा पाठ वाकवून उभा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल. एवढ्यासाठी साबण खाल्ला, या विचाराने मी सासूबाईंकडे बघायचंच टाळलं.

त्या पुलावर गेल्या. कठड्यावरून हात फिरवत, एकेक दगड चाचपत, अगदी पलीकडच्या टोकापर्यंत. मग मधोमध परत येऊन थांबल्या. एक पाय उचलला आणि धपकन आपटला. पुन्हा आपटला. मग आमच्याकडे वळल्या.

"सांगायचे त्याच्या निम्माही नाही गं," त्या बायकोला म्हणाल्या. "पण जरासुद्धा हलत नाही!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसल्या. बायको धावत जाऊन त्यांना बिलगली. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं, बहुधा कालचा साबण.

"मग?" मफलरवाले हात चोळत म्हणाले. "पसंत?"

"फारच! तुमच्या गावाने इतकं केलं, आभार कसे मानू? आता संध्याकाळपर्यंत थांबतो आणि... म्हणजे सकाळपर्यंत थांबतो आणि निघतो."

"आणि घराचं?"

"कुठल्या घराचं?"

"अहो, तुम्ही जागा बघायला आलात ना?"

"बघितल्या की! तळं बघितलं, पूल बघितला."

मफलर गळून खांद्यावर आला. बिचारे एकदम म्हातारे दिसायला लागले. "म्हणजे... नुसत्या बघायला?"

माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा. टाकी, नळ, न चावणारं कुत्रं, सगळं एकदम दिसलं! मी "ते काय आहे, भाषेचा जरा..." असं काहीतरी बोलायला लागलो, तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"घर कुणाचं आहे?"

"माझ्या आतेचं. ती गेली मुलाकडे. मीच दार उघडतो, झाडतो. बंद घर खराब होतं हो."

"विकत घ्यायची माझी ऐपत नाही. भाड्याने द्याल?"

"आई!" बायको ओरडली.

"ओरडू नकोस. तुम्ही दोघी मला जिवापाड सांभाळता. पण कुणाच्याही घरी गेले की आधी आपली खुर्ची कुठली ते शोधावं लागतं. काल त्या ओट्यावर बसले आणि शोधावंच लागलं नाही." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "शेजारीण चांगली आहे. रोज इथपर्यंत चालत येईन. पावसाळ्याआधी परत येते म्हण, नाहीतर नाही येत म्हण."

मफलरवाल्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला. दोन वेढे जास्तच.

त्या दुपारी सासूबाईंनी स्वतः साडूंना फोन लावला. "जावईबापूंनी मुक्काम असा निवडलाय म्हणून सांगू, की मला निघवतच नाही!" असं त्या म्हणाल्या. धुलाईबद्दल अवाक्षर नाही! मी नम्रपणे पाण्याकडे बघत राहिलो. नम्र राहणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी समजलं.

आता राहिलं सामान. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी एकटाच जंक्शनला गेलो. मालकिणीकडून सगळ्या बॅगा ताब्यात घेतल्या. खोली अशी नीटनेटकी, की सामान घोरलंसुद्धा नसावं! संध्याकाळी स्टँडवर आलो तेव्हा मी वेगळाच माणूस होतो. या मुलखाचं मर्म मला कळलं होतं. बाकावर एक जोडपं नकाशा उलटासुलटा करत बसलं होतं. मला राहवेना.

"नकाशा ठेवा खिशात," मी म्हणालो. "इथली बस म्हणजे घरी जाणारं माणूस. सकाळी तिच्या अंगावर जायचं नाही, संध्याकाळी तिचं बोट धरायचं! आणि मुक्काम कधीही मध्यावर करायचा नाही. टोकाला करायचा!"

दोघं भारावून ऐकत होते. बोलता बोलता बस लागली. मी बॅगा चढवल्या, खिडकी पकडली आणि त्यांना हात करत करत निघालो. पुढच्या बाकावरच्या आजोबांनाही मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी इतकं ऐकून घेतलं, की त्यांचा डोळा लागला.

बस चढण चढायला लागली तेव्हा मला जरा नवल वाटलं. तळं काही चढावर नसतं. पण वळसा असेल, म्हणून मी गप्प बसलो. तेही किती वेळ? कानाला दडे बसेपर्यंत!

शेवटी बस थांबली. गार वारा, चहूकडे ढग, आणि डबा घेऊन, दाराला कुलूप लावून घरी निघालेला ड्रायव्हर. मी तिघांच्या बॅगांवर बसून बायकोला फोन लावला.

"अगं, ऐक. एक फार छान गाव सापडलंय! टेकडीवरचं. हवा काय आहे म्हणून सांगू!"

पलीकडून तळ्यावरच्या पाखरांचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "सामान बरोबर आहे ना?"

"आहे."

"कोरडं आहे?"

"आहे."

"मग ठीक. सामानाला जपा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी कसा आहे, हे विचारायचं तिच्याकडून राहूनच गेलं. घाईत असेल.